एक मेच्या आत

टेबलावर दोन पत्रं.
एक जाड, सायीच्या रंगाचं, वर उठावाचा शिक्का,
डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळेल असा.
दुसरं तीन घड्यांचं, खिडकीच्या पाकिटातलं.
गॅसचं बिल समजून
मी ते दोन दिवस बिलांतच ठेवलं होतं.

जेरार्ड पेन्सिलीला टोक काढतो.
काचकारखान्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस,
आकड्यांशीही भट्टीशी वागावं तसा वागतो,
जरा लांबून.
जाड पत्रातली शिष्यवृत्ती वजा.
सरकारी मदत वजा.
हलीना ग्रंथालयात पुस्तकं लावील, ते वजा.
तरी वर्षाला एकतीस हजार डॉलर उरतात.
गुणिले चार.
"आणि हे नुसतं उंबऱ्यापर्यंत," तो म्हणतो,
"डॉक्टरकी त्याच्या पुढे. पुन्हा चार वर्षं."
टोक मोडतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण आमची ही सतराची पोर पाच फूट दहा इंच,
बाराव्या वर्षापासून तिची पावलं पलंगाबाहेर.
टोलेडोच्या हिवाळ्यात, सरोवरावरून वारा सुटला
की मी त्यांच्यावर टॉवेल टाकते.
एवढंच जमलंय आजवर.

रात्रपाळीला मी रुग्णालयाच्या धुलाईघरात असते.
आठवड्याला चारशे पांढरे कोट हाताखालून जातात.
खिशांत पेनं सापडतात, पेपरमिंटच्या गोळ्या,
एकदा कुणा लहान मुलाचा दात, कापसात गुंडाळलेला.
छातीवर निळ्या दोऱ्यानं नाव.
कुठल्या कॉलेजात शिकले ते
एकाही कोटावर शिवलेलं नसतं.
हे मी जेरार्डला मोठ्या थाटात सांगितलं.
तो म्हणाला,
"तुझ्याकडे येतात ते कोट.
ज्यांना कोटच मिळाला नाही
ते तुला धुलाईत कुठून दिसणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मार्चमध्ये आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो होतो.
जाड पत्रवाल्यांकडे हिरवळ, मनोरा, काचेची प्रयोगशाळा.
हलीनानं विचारलं,
किती जण मधेच डॉक्टरकीचा नाद सोडतात?
फिरवणारा मुलगा गोड हसला
आणि आम्हाला पोहण्याचा तलाव दाखवायला घेऊन गेला.
तलाव सुंदर होता. खोटं कशाला बोलू?

घरापासून अकरा मैलांवरच्या कॉलेजात
छताचा एक चौकोन निखळलेला, खाली बादली.
रसायनशास्त्राच्या ओडेसा प्रुइट,
चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी.
तोच प्रश्न.
हातातली चंबू ठेवून त्या म्हणाल्या,
"आधी किती जणांनी सोडलं ते मी मोजलेलं नाही, मोजायला हवं होतं.
गेल्या वर्षी एकोणीस जणांनी अर्ज केले. अकरांना जागा मिळाली.
उरलेल्या आठांची नावं मला पाठ आहेत."
आणि त्यांनी ती म्हणून दाखवली.
परतताना गाडीत कुणी रेडिओ लावला नाही.

एक मे ही शेवटची तारीख.
घर पुन्हा गहाण टाकायचे कागद
जेरार्डनं बँकेतून आणून फ्रीजवर ठेवले होते,
पावाच्या डब्याखाली, तिला दिसू नयेत म्हणून.
पाच फूट दहा इंचांच्या मुलीपासून
फ्रीजवर काय लपणार?

वीस एप्रिलला ती जेवायच्या आधी खाली आली.
"अनामत भरली," म्हणाली, "शंभर डॉलर,
आइस्क्रीमच्या टपरीवरचे माझे."
कुठली, ते आम्ही विचारलं नाही.
"बस सकाळी सहा पन्नासला आहे," ती म्हणाली,
आणि केचप कुठे ठेवलंय ते शोधू लागली.

जेरार्ड गॅरेजात गेला. तिथे त्याचं काहीच काम नव्हतं.

मला हायसं वाटलं.
इतकं, की सिंकची कड धरावी लागली.
आणि मग ध्यानात आलं,
हे हायसं वाटणं तिनं आमच्यासाठी विकत घेतलंय,
किती किमतीला, ते ती कधी सांगणार नाही,
मीही विचारणार नाही.
मी पाठ फिरवून बटाटे सोलत राहिले.
तीन माणसांना चौदा बटाटे.